कॅम्पातून आणलेली चार ताटं

मॅडम आमच्या घरी जेवायला येणार हे ठरलं, तेव्हा मला पहिल्यांदा आमच्या भांड्यांची लाज वाटली. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं होतं. बेलवलीच्या आमच्या दोन खोल्यांत स्टीलची ताटं भरपूर होती आणि आई ती लख्ख ठेवायची. पण एकेका ताटावर मशीनने नाव कोरलेलं. मामाकडून, आत्याकडून, कंपनीतल्या मित्रमंडळींकडून. मॅडमनी भात कालवताना खालून हळूहळू 'मित्रमंडळ' वर यावं, हे मला नको होतं.

या जेवणावर माझं बरंच काही अवलंबून होतं. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. घरात सातवीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. बाबा अंबरनाथच्या एका कंपनीत लेथवर होते आणि परीक्षा झाली की तिथेच पॅकिंगला मला लावायचं, असं त्यांनी फोरमनशी बोलून ठेवलं होतं. त्यांचं काही चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण मला एम.ए. करायचं होतं, आणि ते बाबांपुढे बोलायला तोंड उघडत नव्हतं. शेवटी उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमना सांगितलं. मॅडम सिंधी. त्या म्हणाल्या, "मी येते ना, बोलते बाबांशी. जेवायला बोलाव. जेवताना माणूस पटकन नाही म्हणत नाही."

शिकवणीचे पैसे माझ्याकडे साठले होते. चार चांगली ताटं आणते, असं मी आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती.

"आण. पण सपाट प्लेटी नको. आमटी पळते त्यातून."

"बरं."

"आणि कान तुटलेला कप आणू नकोस, फुकट दिला तरी. गावाला आमच्यासाठी तसलाच कप वळचणीला खोचलेला असायचा."

एवढं बोलून तिने पोळी उलटली.

उल्हासनगरला सिंधी निर्वासितांच्या जुन्या कॅम्पातल्या बाजारात फर्निचरच्या दुकानांमागे जुन्या सामानाचं एक दुकान होतं. तिथला तरुण सिंधी दुकानदार मला 'बेटा' म्हणायचा, खरं तर माझ्याहून पाचसहा वर्षांनीच मोठा असेल. त्याने आधी निळ्या काठाच्या चिनी मातीच्या प्लेटी काढल्या. "अंग्रेज के जमाने का माल है, बेटा." प्लेटी फार सुंदर होत्या, हात लावायला भीती वाटावी इतक्या पातळ. पण पाटासारख्या सपाट. मग एक टी-सेट दाखवला. पाच कप धड होते. सहावा कानाशिवायचा, तो फुकट देतो म्हणाला. मी इतक्या घाईने नको म्हणाले की तो माझ्याकडे बघतच राहिला.

मागच्या फळीवर काळपट ताटांची चळत होती. उभ्या काठाची, जड. त्याने एका ताटावर बोटाचं हाड आपटलं आणि ताट देवळातल्या घंटेसारखं वाजत राहिलं. "काँसा है. घर-घर में स्टील आ गया, तो लोगों ने निकाल दिया." काठाच्या आत मळाखाली एक वळणदार रेघ दिसत होती, मध्येच बारीक टिंबं.

"ये क्या है?" मी विचारलं.

त्याने अंगठ्याने घासून बघितलं. "डिझाइन है. हाथ का काम."

मला तेवढंच हवं होतं. नाव नसलेली ताटं. चार घेतली आणि हात अवघडेपर्यंत पिशवी सांभाळत घरी आणली.

आईनेही आधी वाजवून बघितलं. "कासं आहे. पितळ असतं तर आमटी कळकली असती." मग चिंच आणि राख घेऊन आम्ही दोघी मोरीत बसलो. मळ गेला तसं ताट मधासारखं पिवळं झालं आणि नक्षी वर आली. वेलीसारखी पळणारी रेघ, खाली-वर कळ्यांसारखी टिंबं. चारही ताटांवर एकच वेल. बाबांनी ताट उजेडात धरलं. लेथवरचा माणूस, त्यांना धातूचं कळायचं. "हे मशीनचं काम नाही," ते म्हणाले. "एकेक टिंब छिन्नीने ठोकलंय. पोरीने माल बघून आणलाय." माझ्या खरेदीला त्यांनी नावं ठेवली नाहीत असं तेव्हा पहिल्यांदाच घडलं.

रविवारी दुपारी मॅडम आल्या. खुर्चीवर न बसता आमच्याबरोबर खालीच बसल्या. नक्षी पाहुण्यांच्या बाजूला यावी म्हणून बाबांनी त्यांचं ताट मुद्दाम फिरवून ठेवलं.

"बघा मॅडम, काय वेल काढलाय. जुने कारागीर ते जुने कारागीर."

आई भात वाढायला वाकली. मॅडमनी हात आडवा धरला आणि ताट उचलून समोरची कड आपल्याकडे येईल असं फिरवलं. त्यांचे ओठ हलत होते. ताटाला काही घाण राहिली की काय, असं मला वाटलं.

"वेल नाही आहे हे," त्या म्हणाल्या. "नाव आहे. सिंधीत लिहिलंय, उर्दूसारख्या लिपीत. एका बाईचं, आणि पुढे तिच्या वडिलांचं. लग्नात दिलं असेल."

बाबांनी आपल्या ताटावरचा हात काढून मांडीवर ठेवला. "म्हणजे आम्ही दुसऱ्याच्या लेकीच्या ताटात जेवतोय."

"मी स्टीलची आणते," आई उठायला लागली.

"नाही, नाही, ताई. वाढा तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "आमच्याकडे पण होती अशी. फाळणीत इकडे आल्यावर एकेक करून विकली. विकली म्हणजे विकली. तिची वापरतं कोणी तरी, चांगलं आहे ना." आणि त्यांनी ताट पुढे केलं.

आईने भात वाढला. पण माझं सगळं संपलं होतं. आता मॅडम कसल्या बोलणार, आणि बाबा कसले ऐकणार. मी खाली मान घालून आमटी कालवत बसले.

मॅडमनी मात्र दुसऱ्या पोळीला विषय काढला. मार्क चांगले आहेत, एम.ए. झाली तर कॉलेजात शिकवू शकेल, वगैरे. बाबा ऐकत होते, आणि मधूनमधून ताटाच्या काठाकडे बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "दुकानदाराला नाही कळलं हे नाव आहे म्हणून? तो तर तुमच्यातलाच."

"नवीन मुलं हिंदी-इंग्लिश शाळेत गेली. त्यांना नाही येत वाचायला."

"आणि आमची ही पंधरावीला." बाबांनी माझ्याकडे बघितलं. "पंधरा वर्षं शिकली आणि नावाला वेल समजून घेऊन आली."

माझे कान तापले. "मला ती लिपी येत नाही, बाबा."

"तेच म्हणतोय मी." ते मॅडमकडे वळले. "म्हणजे हिचं शिक्षण कमीच पडलंय की, मॅडम. अजून किती लागेल म्हणालात?"

"दोन वर्षं."

"दोन वर्षांत हे वाचता येईल?"

"नाही हो. अर्थशास्त्र आहे ते."

"मग वाचायचं तुम्ही शिकवा वरचेवर," बाबा म्हणाले आणि आईकडे वाटी सरकवली. "खीर वाढ मॅडमना. त्यांच्या ताटात काहीच नाही."

सोमवारी त्यांनी फोरमनला सांगितलं, मुलीचं शिक्षण अजून व्हायचंय. किती, असं त्याने विचारलं, तर म्हणाले, बघू.