चौकोनवाले सर

आमच्या सरांनी हुडकेश्वरला प्लॉट घेतला आणि त्यावर आयुष्यभर एक वीटही ठेवली नाही. प्लॉटच्या मधोमध चार खुंट्या ठोकल्या, वडिलांच्या हातमागाचं उरलेलं सूत त्यांना गुंडाळलं आणि त्या चौकोनात काय उगवतं, काय जातं, हे दर रविवारी वहीत लिहीत बसले. त्यामुळे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या या माणसाला अख्खं लेआउट ‘चौकोनवाले सर’ म्हणायचं. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, भाड्याच्या घरातून म्हणायच्या, “लोकाइनं घरं बांधले, यांनी काटे पोसले.” सर मान डोलवायचे. त्यांना हे कौतुकच वाटत असावं.

वहीत तीन रकाने होते: कोण आलं, कोण गेलं, कारण. पहिल्या पावसाळ्यात उघड्या मुरमावर नुसता तरोटा, म्हणजे टाकळ्याचं तण, माजला. दोन वर्षांत गवतानं त्याला जागा ठेवली नाही. मग एक बाभूळ वर आली आणि तिच्या सावलीत गवत विरळ झालं. कारणाच्या रकान्यात ऊन, सावली, वाळवी, पाखरू असे शब्द असत. तरोटा गेला तेव्हा मला उगाच वाईट वाटलं होतं. सर म्हणाले, “कोणी कोणाले हाकलून नाही राहिलं गा. ज्याच्या त्याच्या पुरतं ऊन होतं, ते सरलं.”

मी त्यांचा विद्यार्थी. पुढे बँकेत चिकटलो, पण रविवारी स्कूटर तिकडेच वळायची. खुर्ची सरांची, उकिडवं बसणं माझं. त्यांची एकच इच्छा होती. बाभळीवर बुलबुल बसतात, कडुनिंबाच्या निंबोळ्या खाऊन बिया खाली टाकतात. त्या सावलीत निंब उगवावा आणि एक दिवस बाभळीच्या वर जावा, एवढं त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. ही इच्छा त्यांनी मला तोवर सांगितली नव्हती. सांगितली असती तर पुढचं घडलं नसतं.

सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तीन रविवार वही माझ्याकडे आली. मी गेलो तर बाभळीच्या बुडाशी कसलीशी पाच इवलीशी रोपं. एवढ्या वर्षांची सरांची बाभूळ, तिच्या तोंडचा घास ही पळवणार! मी पाचही उपटली, बाभळीला दोन बादल्या पाणी घातलं आणि शाबासकीच्या आशेनं सरांना सांगितलं.

सरांनी काळा चष्मा माझ्याकडे वळवला.

“पानं कातरलेली होती?”

“हो सर.”

“मुळासकट उपटले?”

“हो सर.”

त्यांनी वही मागितली आणि चाचपडत लिहिलं: ‘निंबाची पाच रोपे गेली. कारण: चरणारे जनावर.’

“सर, माणूस लिहा ना,” मी म्हणालो.

“माणसाचा रकाना नाही गा आपल्याकडे. तुझ्या एकट्यासाठी काहून पाडू?” मग आत ओरडून म्हणाले, “याले चहा दे वं. चरून आला आहे.”

त्यानंतर तीन पावसाळे निंब उगवलाच नाही. तोवर सर खूप थकले. प्रत्येक रविवारी ते खाली वाकून बघायचे आणि मी दुसरीकडे बघायचो. चौथ्या पावसाळ्यात एक रोप दिसलं. सरांनी त्याला बोटानं मोजलं: दोन पेरं. बाभळीच्या शेंड्याकडे मान वर करून पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी रागावलेलं मला परवडलं असतं.

पुढच्या पावसाळ्यात निंब गुडघ्याएवढा झाला आणि हिवाळ्यात सर गेले. तेराव्यानंतर काकूंनी वही माझ्या हातात दिली. “घर बांधाले कोणी आलं तं सांगजो, जागा गुंतलेली आहे,” म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावून आत गेल्या.

वही मी प्लॉटवर, बाभळीखाली उघडली. शेवटच्या पानावर सरांचं थरथरलेलं अक्षर होतं.

‘गेले: मोजणारा. कारण: नैसर्गिक. आले: चरणारे जनावर.’

मी पोटभर रडलो. मग तारीख टाकली आणि निंब मोजला. मांडीला लागत होता.