रिप्लेच्या आधी

दत्ता गेल्याची बातमी आमच्या रेफरींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली आणि तिच्याखाली सगळ्यात पहिला अंगठा माझा होता. चष्मा स्कूटरच्या डिकीत, मी भाजीवाल्या मावशींसमोर उभा, हातात मेथीची जुडी. त्याचा ब्लेझरमधला फोटो दिसला, खाली चार ओळी, शेजारी फुलं. मला वाटलं, कुठल्यातरी शाळेनं सत्कार केला असणार. अंगठा दिला आणि वर 'अभिनंदन मित्रा, पार्टी कधी?' असंही लिहून टाकलं. लगेच ग्रुप चालवणाऱ्या तरुण रेफरीचा फोन. "काका, ते डिलीट करा आधी." म्हटलं, "का रे, पार्टी मागायची नाही का?" तो हळूच म्हणाला, "काका, दत्तासर सकाळी गेले... तुम्ही वाचलंच नाही का?" डिलीट कसं करतात ते मला त्या क्षणी काही आठवेना. शेवटी त्यानंच ते पुसलं. मावशींनी दोनदा विचारलं, "भाऊ, मेथी न्यायची का ठेवायची?" मी ती हातात धरून नुसता उभा. दत्ताला हे कळलं असतं तर तो एवढंच म्हणाला असता, "रम्या, न बघता फ्लॅग वर!"

आम्ही दोघं अंबडच्या एका कारखान्यात होतो. तो तपासणी खात्यात, मी स्टोअरमध्ये. रविवारी तो फुटबॉलचे सामने खेळवायचा. एकदा त्याचा लाइन्समन, म्हणजे बाजूच्या रेषेवरून फ्लॅग दाखवणारा, आजारी पडला म्हणून कँटीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसला. "ऑफसाइड कळतं का तुला?" मी म्हटलं, "नाही." "पळता येतं?" "नाही." "उंच आहेस. फ्लॅग लांबून दिसेल. चल." एवढ्या गुणवत्तेवर माझी निवड झाली. पास निघतो त्या क्षणी पुढचा खेळाडू गोलकीपर सोडून शेवटच्या बचावपटूच्याही पुढे असेल तर फ्लॅग वर करायचा, हे त्यानं मला कँटीनच्या टेबलावर मिठाची आणि लोणच्याची बरणी सरकवून शिकवलं. मैदानावर मात्र बरण्या पळायला लागतात, हे सांगायचं राहिलं.

देवळाली कॅम्पातला तो सामना मी विसरू शकत नाही, आणि तिथले लोकही विसरले नसावेत. दोन्ही संघ जवानांचे, बाजूला त्यांची कुटुंबं, नुसता जल्लोष. एक गोरखा जवान बाणासारखा पुढे निघाला आणि मी फ्लॅग उचलला. का उचलला, देवाला माहीत. तो आपल्या अर्ध्या मैदानातून निघाला होता, तिथं ऑफसाइड असूच शकत नाही. दत्ताची शिट्टी वाजली. सगळं मैदान माझ्या नावानं ओरडत होतं. दत्तानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, फ्री किक दिली आणि खेळ सुरू. सामन्यानंतर बसस्टँडजवळच्या टपरीवर त्यानं चहा येईपर्यंत कळ काढली आणि मग माझी जी हजामत केली, ती ऐकून टपरीवाल्यानं मला आपणहून बिस्किटं दिली. मी विचारलं, "चुकलोय हे तुला दिसत होतं, मग शिट्टी का मारलीस?" तो म्हणाला, "दिसत नव्हतं. वाटत होतं. मी मध्ये उभा, तू रेषेवर. नुसत्या वाटण्यावर तुझा फ्लॅग एकदा खाली करायला लावला, तर पुढच्या वेळी तू फ्लॅग उचलायच्या आधी बॉलकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघशील. मग तू माझ्या काही कामाचा नाहीस."

त्यानंतर कितीतरी वर्षं मी चुकत राहिलो आणि तो शिट्टी वाजवत राहिला. शिव्या दोघांनी वाटून खाल्ल्या. आता आठवलं तरी थकायला होतं... उन्हात त्या रेषेवरून येरझारा, आणि मागून कोणाचे तरी वडील तुम्हाला तुमच्याच वडिलांची आठवण करून देतायत.

निवृत्तीनंतर रविवार सकाळ म्हणजे पाथर्डी फाट्याला दत्ताच्या घरी. टीव्हीवर आदल्या रात्रीचा परदेशी सामना लागायचा, वहिनी पोहे आणायच्या आणि घरात एकच नियम असायचा. वादाचा प्रसंग आला की रिप्ले दाखवायच्या आत प्रत्येकानं निर्णय सांगायचा. "रिप्लेच्या आधी बोला! नंतर काय, सगळेच रेफरी!" वहिनींचा निर्णय बहुतेक वेळा बरोबर यायचा, माझा बहुतेक वेळा चुकायचा. मग पडद्यावर त्या बारीक रेषा ओढल्या जायच्या, कोणाचा तरी खांदा बोटभर पुढे निघायचा, तोवर पोहे गार. मला वाटायचं, याला या यंत्राचा राग असणार. तसं नव्हतं. "मशीन चांगलंय रे. पण रेषा ओढायला लावणारा माणूसच आहे ना? शनिवारी त्याला बॉलला हात लागलेला दिसतो, बुधवारी तसाच लागलेला दिसत नाही. चुकलास तरी चालेल, पण दोघांना सारखा चूक."

मग गेल्या थंडीतली ती गंगापूर रोडवरची शालेय स्पर्धा. दत्ताचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं, पळायला बंदी. आयोजकांनी हौसेनं मंडपात टीव्ही ठेवला, गच्चीवर मोबाइल लावला आणि दत्ताला व्हिडिओ रेफरी म्हणून खुर्ची दिली. माझ्याबद्दल कुरबुर आधीपासून होतीच. पालकांच्या मोबाइलमध्ये माझ्या चुकांचा संग्रह झाला होता. हा एक सामना नीट गेला तरच पुढे बोलावू, असं मला स्पष्ट सांगितलं होतं. अंतिम सामन्यात गोल झाला आणि मी फ्लॅग वर केला. आयुष्यात इतक्या खात्रीनं कधी केला नव्हता. गलका झाला, प्रकरण मंडपात गेलं. मी निवांत होतो. दत्तानं माझा फ्लॅग कधी मोडला नव्हता.

त्यानं दोनदा पाहिलं, उठून उभा राहिला आणि गोल दिला.

माझ्या पायाशी, अगदी रेषेजवळ, बचाव करणाऱ्या संघाचा एक पोरगा बुटाची नाडी बांधत बसला होता. तो सगळ्यांपेक्षा गोलच्या जवळ, त्याच्यामुळे कोणीच ऑफसाइड नव्हतं. मी त्याच्या डोक्यावरून लांब बघत होतो. टाळ्या वाजल्या. एक गृहस्थ म्हणाले, "काका, चष्मा घ्या." सामना संपेपर्यंत मी रेषेवर राहिलो आणि चहा न घेता घरी आलो. पुढचं बोलावणं आलं नाही. रविवारी मी पाथर्डी फाट्याला जाणं बंद केलं.

काही आठवड्यांनी दत्ताच आमचे तीन मजले चढून आला. डॉक्टरनं जिने बंद केलेले. दारात धापा टाकत उभा. मी पाणी दिलं आणि आत बसायच्या आधीच विचारलं, "इतकी वर्षं पाठीशी राहिलास, शेवटी सगळ्यांसमोर मोडलास ना?" त्यानं पाणी संपवलं. "पाठीशी कधी होतो? ज्याला दिसतं त्याचं ऐकत होतो. तेव्हा तुला दिसत होतं असं धरून चालायचो. त्या दिवशी मला दिसलं."

"मी तर जवळ होतो."

"जवळ होतास, रम्या. बघत नव्हतास." रिकामा पेला त्यानं माझ्या हातात दिला. मग म्हणाला, "तो माणूस बरोबर बोलला. चष्मा घे. आणि रविवारी ये, ती रोज विचारते." मी चष्मा घेतला. रविवारी गेलो. अजून काही रविवार मिळाले... फार नाही.

परवा वहिनींचा फोन आला, "भाऊजी, मॅच आहे. पोहे करतेय." गेलो, चष्मा लावून गेलो. त्याची वेताची खुर्ची होती तिथंच, पाठीवर त्याचा पंचा तसाच. वहिनी स्टुलावर, मी दिवाणावर. दुसऱ्या हाफमध्ये गोल झाला, बचावपटूंनी ऑफसाइड मागत हात वर केले आणि वहिनी ओरडल्या, "भाऊजी, रिप्लेच्या आधी बोला!"

पास निघाला तो क्षण माझ्या डोळ्यांसमोरून गेला होता. सांगता आलं असतं. पण तोंड उघडायच्या आधी मी खुर्चीकडे बघितलं.

"तिकडे काय बघताय?" वहिनी म्हणाल्या. "इकडे बघा."