पाच चेहरे आणि टिकल्यांचं पाकीट

सर्व्हेच्या कामात दोन गठ्ठे जमतात. एक भरलेल्या फॉर्मांचा. तो संध्याकाळी सरांच्या टेबलावर ठेवला की संपला. दुसरा, फॉर्ममध्ये कुठेच न मावलेल्या उत्तरांचा. तो आपल्याबरोबर घरी येतो, आणि कुणी चहाला आलं की त्यातलं एकेक बाहेर पडतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. माणसांचा ताण, राग, झोप यांवर आमच्या सरांचं संशोधन चालू होतं, आणि दिंडोरीकडच्या गावांत घरोघर जाऊन प्रश्न विचारायला त्यांना बायका हव्या होत्या. माझे यजमान जाऊन सात महिने झाले होते. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये मी एकच कपाट दिवसातून चारदा आवरत होते. जाहिरात सकाळी वाचली आणि दुपारी जाऊन नाव दिलं.

ट्रेनिंगला प्रत्येकीनं आधी स्वतःचा फॉर्म भरायचा होता. शेवटी एक कार्ड होतं. त्यावर बायकांचे पाच चेहरे, पहिला खळखळून हसणारा, पाचवा रडणारा. गेल्या दोन आठवड्यांत तुम्ही कोणासारख्या होतात, त्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं आणि त्याचा आकडा फॉर्ममधल्या चौकोनात लिहायचा. माझा तेवढा चौकोन रिकामा राहिला. सर शांतपणे म्हणाले, महिनाअखेरपर्यंत भरा. जिला स्वतःला उत्तर देता येत नाही, तिला दुसऱ्यांना विचारायला कसं पाठवू?

म्हणजे महिन्यानं पुन्हा ते कपाट!

*

पहिल्याच गावात एक द्राक्षबागायतदार फवारणीचा पंप धूत बसले होते. मी विचारलं, राग किती वेळा येतो? कधीच नाही, कधी कधी, की नेहमी?

"कोणावर?"

फॉर्ममध्ये 'कोणावर' नव्हतं. मी म्हटलं, असाच, एकूण.

"एकूण राग कसा येईल ताई? समोर माणूस नको?" त्यांनी ओट्यावर बसलेल्या थोरल्या मुलाकडे पाहिलं. "हा घरी असला की नेहमी. नाशिकला गेला की कधीच नाय. लिहा आता."

मी 'कधी कधी' लिहिलं. मुलगा हसला.

*

मुलाखत एकांतात घ्यावी, असं फॉर्मवर ठळक अक्षरांत छापलेलं होतं. छापणारा कधी गावात गेला नसावा. दारात चप्पल काढली की निम्मी आळी आत येऊन बसायची. माझी जोडीदार मंगल निफाडची, वयानं लहान, पण असल्या कामात माझ्या चार पावलं पुढे. तिनं एका सुनेला विचारलं, रात्री झोप नीट लागते का? सून काही बोलायच्या आत सासू म्हणाली, "लय गाढ झोपती. पहाटे मलाच उठवावं लागतं."

मंगल नम्रपणे म्हणाली, मावशी, हा प्रश्न त्यांना आहे.

"मंग तिला कसं ठाऊक असंल? ती तर झोपलेली असती!"

मंगलनं फॉर्मवर 'गाढ' लिहिलं, आणि कंसात 'सासू'. सरांनीही ते तसंच ठेवलं.

*

आमची जीप नाना चालवायचे. दिवसभर फॉर्म ऐकून त्यांना सगळे प्रश्न पाठ झाले होते. एकदा घरी जेवताना त्यांनी गंमत म्हणून बायकोला विचारलं, "गेल्या दोन आठवड्यांत घरात तुझं म्हणणं कोणी ऐकून घेतलं का?"

लग्नाला बावीस वर्षं झालेली. तिनं हातातलं लाटणं बाजूला ठेवलं आणि बोलायला सुरुवात केली. पोळ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी नाना सरांसमोर उभे. "साहेब, तेवढा एक प्रश्न काढून टाका. लोकांचे संसार हायेत."

*

कार्डावर मात्र गाडी अडायची. बायका बाकीचं भरभरून सांगायच्या, आणि कार्ड पुढे केलं की हात पदराखाली. शेवटी एकीनं सांगून टाकलं. "ह्या पाचींच्या कपाळाला काय नाय. सवाष्णीनं कसं बोट ठेवायचं?"

परतीच्या वाटेवर मी जीप थांबवायला लावली आणि उतरून रस्त्यावर येरझारा घालू लागले. असा घोळ झाला की मला बसवत नसे. मंगलनं पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि सगळ्या कार्डांवर, पाची कपाळांना, बारीक लाल टिकल्या लावल्या. त्या दिवसापासून बोटं भराभर पडू लागली, तीही पहिल्या-दुसऱ्या चेहऱ्यावर.

सरांनी फॉर्म चाळले आणि टिपण लिहिलं की या गावांतल्या स्त्रियांची मनःस्थिती अचानक सुधारलेली दिसते, बहुधा द्राक्षाच्या हंगामामुळे. महिनाअखेरीला संध्याकाळी कार्डं जमा झाली तेव्हा त्यांना खरं कारण दिसलं. मग त्यांनी विचारलं, "आणि ह्या एकाच कार्डावर टिकल्या कशा नाहीत?"

ते माझं होतं.

*

त्याच दिवशी दुपारी, कार्डं जमा करायच्या आधी, मी एका बागेत आजींजवळ बसले होते. त्या कात्रीनं घडातले खराब मणी काढून घड क्रेटमध्ये ठेवत होत्या. कपाळ कोरं. सगळे प्रश्न झाले, आणि मी सवयीनं कार्ड पुढे केलं.

त्यांनी ते लांब धरून पाहिलं. "समद्या सवाष्णी. ह्यात माझी कुठंय?"

त्यांनी कात्रीचं टोक अलगद घातलं आणि एक टिकली उचलली. पहिल्या चेहऱ्याची. त्या हसऱ्या बाईवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही."

"आजी, ही तर हसतेय."

"मंग? सोळा वर्सं झाली. माणूस कवापत्तर रडंल?" मग त्यांनी माझ्या कोऱ्या कपाळाकडे पाहिलं. "तुमची कुठली?"

मी म्हटलं, माहीत नाही. माझा तो चौकोन रिकामाच आहे, आणि आज शेवटचा दिवस आहे.

त्यांनी कार्ड पुन्हा जवळ ओढलं. एकेक करत उरलेल्या चारही टिकल्या कात्रीनं काढल्या, क्रेटच्या कडेला ओळीनं चिकटवल्या, आणि कार्ड माझ्या मांडीवर ठेवलं.

"घ्या. आता कुठंबी ठेवा."

रस्त्यावर नाना हॉर्न वाजवत होते. मी उठले नाही. मी बोट ठेवलं.