लालबागच्या थांब्यावरचं गाऱ्हाणं

सतरा वर्षांची असताना मी जुहूला छोटं विमान चालवायला शिकत होते. रोज सकाळी लालबागच्या बसथांब्यावर एक मालवणी गिरणीकामगार भेटायचा. रातपाळी संपवून आलेला, केसांत कापसाचे तंतू, बगलेत रिकामा डबा. आम्ही एकमेकांची नावं कधी विचारली नाहीत. मला तो "गो इमानवाली" म्हणायचा आणि मला ते भारी आवडायचं.

एके दिवशी त्याने माझा पांढराफटक चेहरा पाहिला. "काय झाला गो?"

"आज पहिल्यांदाच एकटीने उडायचंय. शिकवणारे शेजारी नसणार."

त्याने डबा खाली ठेवला, चपला काढल्या आणि हात जोडून भर रांगेत गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! आज ह्या चेडू एकटाच इमान घेवन वर जाता. त्येका सुखरूप खाली उतरव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खी रांग गरजली. रांगेतला हवालदार गरजला, पारशी बावाजीसुद्धा गरजला!

विमान मी उतरवलं. दोनदा उसळलं, पण उतरलं. दुसऱ्या दिवशी धावत जाऊन त्याला सांगितलं, तर तो हसला.

"देवाक एका वेळी एकच मागणा घालूचा असता," तो म्हणाला. "रोज मी म्हाराष्ट्रासाठी मुंबय मागतंय. काल तुझ्यापायी ता मागणा एक दिस थांबवलंय."

तेव्हा संयुक्त महाराष्ट्र व्हायला एक दिवस उशीर झाला असेल, तर तो माझ्यामुळे. मी हे आजही ऐटीत सांगते.