त्या आठवड्यात मी खुर्चीवर बसलो

आमच्या घरात संध्याकाळची रोझरीची माळ गुडघे टेकूनच होते. नियम माझा. वसईला बापाने लावला, तो मी आखातात, रास अल खैमाला घेऊन आलो. टाइल्सच्या फॅक्टरीत दिवसभर भट्टीपुढे उभा राहून आलो तरी लादीवर गुडघे टेकले. मुलाला ताप असला तरी सूट नाही. "उभं राहता येतं ना? मग गुडघेही टेकता येतात," असं मी म्हणायचो. बायको म्हणायची, "देव तुमच्यापेक्षा बरा आहे." पण टेकायची.

म्हणून केनियाला पहिल्याच संध्याकाळी मी खुर्ची ओढून बसलो, तेव्हा मुलाचं तोंड बघण्यासारखं झालं.

ट्रिप बायकोच्या हट्टाची. नातीने शाळेसाठी मातीचा ज्वालामुखी केला, त्यात सोडा घालून फेस काढला. तेव्हापासून बायकोला खरा बघायचा होता. मी म्हणालो, तीस वर्षं आगीपुढे उभा होतो, आता विमानात बसून आग बघायला जाऊ? ती म्हणाली, "तुमच्या आगीने लाद्या झाल्या. त्या आगीने डोंगर झालेत." मुलाने अबू धाबीहून पाच तिकिटं काढली. तो, सून, नात आणि आम्ही दोघं.

निघायला आठ दिवस होते. किचनमध्ये सुरमई कापताना बायको पोट धरून खाली बसली. मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, झाले दोन महिने. मी चप्पल घातली, चल डॉक्टरकडे. ती उठेना.

"आल्यावर जाऊ. मुलाला कळलं तर तो सगळं कॅन्सल करेल."

"करू दे."

"पोरगी रोज दिवस मोजते. आणि मलाही जायचंय हो."

तिने माझा हात माळेवर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली, परत येईपर्यंत कोणाला बोलायचं नाही. मी घेतली. चूक तिथे झाली. तिची नाही, माझी.

सरोवराच्या काठावर लाकडी कॉटेज होतं. सात वाजता सुनेने चादर अंथरली, सगळे गुडघ्यांवर बसले. ही खाटेला धरून वाकायला लागली आणि तिचे दात आवळलेले मला दिसले. एकटी खुर्चीवर बसली असती तर मुलाने लगेच विचारलं असतं. मी दोन खुर्च्या ओढल्या.

"माझे गुडघे गेले आज. तू पण इथे बस, मला उठायला हात लागेल."

मुलगा म्हणाला, "डॅडी, तुम्ही? बसून?"

"का, बंदी आहे?"

नात म्हणाली, "ग्रँडपा, आर यू डाइंग?"

सुनेने तिला चापट मारली. बायकोने माळेचं पहिलं रहस्य सुरू केलं, पण नमो मरिया म्हणताना तिला हसू आवरेना. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागून हलत होता.

दुसऱ्या दिवशी मुलाने मला ताब्यात घेतलं. "डॅडी, वर चढायचं नाही. मम्मी, तू ह्यांच्याजवळ थांब." ते तिघं गाइडबरोबर ज्वालामुखीवर गेले. आम्ही दोघं पाण्याकाठी. समोरचा डोंगर आपल्या कुठल्याही डोंगरासारखा, वरून कापलेला. मी म्हणालो, ह्यात आग कुठे आहे? ती म्हणाली, "रिटायर झाली असेल, तुमच्यासारखी." पाणघोडे कान वर काढून परत बुडत होते. थोड्या वेळाने ती माझ्या अंगावर रेलून झोपली. चाळीस वर्षांच्या संसारात दिवसाउजेडी, हात रिकामे ठेवून आम्ही असे कधी बसलो नव्हतो.

तिला जेवण जात नव्हतं. सुनेची नजर चुकवून ती आपल्यातलं माझ्या ताटात टाकायची आणि मी खायचो. मुलगा सुनेला म्हणाला, "आजारी माणूस एवढा जेवतो?"

शेवटच्या दिवशी गरम पाण्याच्या कुंडावर गेलो. जमिनीतूनच वाफ येते तिथे. ती ड्रेससकट गळ्यापर्यंत पाण्यात उतरली, डोळे मिटले आणि हळूच म्हणाली, "आता दुखत नाही." अर्धा तास तिला कोणी बाहेर काढलं नाही. मीच काढू दिलं नाही.

परत आल्यावर मी म्हणालो, आता सांगतो. पण मुलाने तिथूनच माझी अपॉइंटमेंट घेतली होती. गुडघे, हार्ट, रक्त, सगळं. "यल्ला, चला डॅडी, नो आर्ग्युमेंट." ती म्हणाली, तुमचं होऊ दे, मग माझं. दहा दिवस माझ्या तपासण्यांत गेले. ती हॉस्पिटलच्या बाकावर माझी फाइल मांडीवर घेऊन बसायची. माझे सगळे रिपोर्ट चांगले आले. मुलाने पार्किंगमध्ये मला मिठी मारली. तेव्हा कुठे मी सांगितलं, मम्मीच्या पोटात दुखतंय. एवढंच सांगितलं.

पाच महिन्यांत ती गेली. दुखणं आधीच धरलं असतं तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरला विचारलं नाही. हिंमत झाली नाही. मुलाला वाटत होतं, दुखणं केनियाहून आल्यावर सुरू झालं.

नोकरी नाही म्हणून आता मी मुलाच्या व्हिसावर आहे, पण खोली रास अल खैमाचीच ठेवली आहे. गेल्या शनिवारी तो अबू धाबीच्या खलिफा सिटीहून आला. ती गेल्याला वर्ष होतं, चर्चमधल्या मिस्सासाठी तिचा फोटो निवडायचा होता. मोबाइलमध्ये फोटो बघताना म्हणाला, "तेव्हा तुमचे गुडघे किती वाईट होते, नाही?"

मी म्हणालो, "माझे गुडघे धड होते." आणि सगळं सांगितलं. सुरमईपासून.

तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला. आत आला तेव्हा डोळे लाल होते.

"मला सांगायला पाहिजे होतं तुम्ही."

"हो."

"मी तिकिटं कॅन्सल केली असती."

"म्हणूनच ती सांगू देत नव्हती."

"तुम्ही तिचं ऐकायचं नव्हतं, डॅडी."

माफ केलं असं तो म्हणाला नाही, मीही माफी मागितली नाही. तो माझ्यासमोर बसला.

"आम्ही वर गेलो होतो, त्या सकाळी ती काय बोलली?"

"जास्त नाही. झोपली होती."

"त्याच्या आधी."

मी सांगायला लागलो. रिटायर आगीचं ऐकून तो हसला आणि हसता हसता परत रडला. मग त्याने फोन काढून सुनेला सांगितलं, आज मी इथेच राहतो.