सात वर्षांची नवी नवरी

गेल्या सोमवारी, सकाळची पाळी सुरू होताना, कारेगावजवळच्या एका कारखान्यानं एका मावशींना गेटवरूनच परत पाठवलं. मी तिथं कामगार संघटनेची पत्रकं वाटत होतो. डबा काखेत दाबून त्या हसत म्हणाल्या, "ब्रेक दिलाय मला."

"चहाचा?"

"येड्या, चहाचा धा मिन्टांचा असतोय! ह्यो महिन्याचा. मंग पुन्ना नवी म्हणून घेत्यात. सात वर्सं झाली, आजून नवी नवरीच हाय मी!"

मी उडालोच! एसटीचा ब्रेक अपघात टाळतो. हा ब्रेक मावशींचं कायम होणं टाळतो. पत्रकाचा मथळा खोडून मी तिथंच त्यांचं नव्या नवरीचं वाक्य लिहिलं.

तुम्हालाही असा ब्रेक मिळालाय? मग त्याला ब्रेक म्हणू नका. कामावरून काढलं म्हणा, आणि गेटवर उभं राहून मोठ्यानं म्हणा!