मामाजीचा गोडा समुद्र

आमच्या मामाजीएवढा इमानदार माणूस अख्ख्या ब्रह्मपुरी तालुक्यात सापडणार नाई, हे मी शपथेवर सांगते. कोणाची हरवलेली कोंबडी घरामागच्या सांदवाडीत आली तरी घर शोधून वापस नेऊन देतेत. पण एक लबाडी त्यायनं पन्नास वर्सं पोसली, आन् अशी पोसली का ती घरातलंच एक माणूस होऊन बसली.

मामाजी म्हणजे माझे सासरे, केवळराम. गावच्या तलावात जाळं टाकत जन्म गेला. विसाव्या वर्सी बापासंग भांडून घरून पळाले आन् आठ महिन्यानं वापस आले. गावाले सांगतलं का मी कोकणात होतो, दिवेखोलच्या सरदाराच्या कोठीत, होडी चालवाले. कोठीले सात कमानी, समुद्रात उतरणाऱ्या पायऱ्या, एक वाकडं नारळाचं झाड, आन् रघू नावाचा माळी, मामाजीचा जिगरी दोस्त. सांजच्याले पायरीवर बसून समुद्राचं दोन ओंजळी पाणी पेलं का दिवसभराचा शीण उतरे, म्हणे. आमच्याकडे तलावात डोंग्यावर बसलेला माणूस तहान लागली का वाकून पाणी पेते. मामाजीनं समुद्रालेही तसंच समजून टाकलं.

खरी गोष्ट मले आत्याबाईनं, म्हणजे माझ्या सासूनं, सांगतली. मामाजी निघाले होते मुंबईलेच, पण जवळ तिकीट नव्हतं. छोट्या रुळाच्या रेल्वेतून त्यायले सिंदेवाहीलेच उतरवून देल्लं. घरापासून पुरते पन्नास किलोमीटरही नाई! तिथी धानाच्या संशोधन केंद्रात आठ महिने चिखलात रोपं लावाचा रोवणा आन् निंदण केलं. कोठी पाह्यली ती चहाच्या टपरीतल्या कॅलेंडरवर. आत्याबाईच्या मामानं त्यायले तिथी चिखलात उभं पाह्यलं होतं.

"पण मले मालूम हाये हे त्यायले नोको सांगू बरं, सत्यशीला," असं म्हणून आत्याबाई तोंडाले पदर लावून जे हसत सुटल्या, का डोळ्यात पाणी आलं.

माझ्या घरचे चौथीत होते तवा पुस्तकात धडा आला का समुद्राचं पाणी खारट राह्यते. पोरानं येऊन बापाले इचारलं. मामाजी म्हणाले, "सरदाराच्या बाजूचं गोडं होतं. सरदाराचा समुद्र वेगळा." झालं! तवापासून तो समुद्र गोडाच राह्यला, आन् आमच्या घरात कोणाची हिंमत नाई त्यात मीठ टाकाची.

आता माझी पोरगी आचल पनवेलले दवाखान्यात नर्स हाये. गेल्या दिवाळीत तिचा फोन आला. आमी जेवाले बसलो होतो.

"आबाजी, तुमची कोठी सापडली! सात कमानी, वाकडं झाड, सारं हाये. आता लोकाईले पाहाले खुली केली त्यायनं. जानेवारीत सारे या. एक दिवस पुरा तिथीच काढू. तुमीच आमाले फिरवसान!"

मामाजीच्या हातातला झिंग्याच्या भाजीचा घास हातातच राह्यला. "जानेवारीत कायले?" ते म्हणाले. "जानेवारीत समुद्र आटला राह्यते. सारं पाणी धानाले सोडून देतेत."

आचल फोनवर खो खो हसत होती. आत्याबाईनं शांतपणे त्यायच्या ताटात भात वाढला. "मंग चिखलातून चालत जाऊ. तुमाले सवय हाये चिखलाची."

त्या दिवसापासून घरात लढाईच सुरू झाली म्हणा. मामाजीचा गुडघा दुखाले लागला. पण त्याच सांजच्याले तलावावर मोठी मरळ लागली म्हणून कोणीतरी हाक मारली, तं दुखरा गुडघा साऱ्याईच्या पुढं. मंग म्हणाले, नेमकं त्याच दिवशी मासेमाराईच्या सोसायटीचं मोठं जाळं ओढाचं हाये, माझ्याबिगर जमणार नाई. आत्याबाई चप्पल घालून सोसायटीच्या लटारूभाऊकडे गेल्या आन् तारीखच आठ दिवस पुढं ढकलून आल्या. मंग म्हणाले, सरदाराचे नातू मले ओळखतीन, कामावर ठेवून घेतीन, वापस येऊ देणार नाईत. आत्याबाई म्हणाल्या, "ठेवू द्या ना. इथी कोणाचं अडून राह्यलं?"

एवढ्यानंही बाईचं मन भरलं नाई. एक दिवस दोन पायल्या वाळले झिंगे अंगणात ओतले आन् म्हणाल्या, "रघू माळ्यासाठी नेऊ. तुमचा जिगरी ना तो? बसा, काडीकचरा निवडा." बिचारे मामाजी! जो माणूस जन्मालेच आला नाई, त्याच्यासाठी दोन दिवस मान खाली घालून झिंगे निवडत बसले. मी अंगणवाडीत शिकवते; तिथून आली आन् ते पाहून आत घरात जाऊन पोटभर हसली.

पण दुसऱ्या दिवशी मामाजी अंगणवाडीतच आले. लेकराईच्या छोट्या खुर्चीवर बसले. "सत्यशीला, पोरीले सांग, रद्द कर म्हणा."

"काऊन जी?"

त्यायनं खांद्यावरचा दुपट्टा मांडीवर घेऊन घडी घातली. मंग म्हणाले, "पोरगी मले झुटा म्हणन."

माझं हसणं तिथंच विरलं. तीन वर्साआधी आचल पनवेलले जाताना ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर रडत होती, जाणारच नाई म्हणत होती. मामाजीनं तिले सांगतलं होतं, मी तुयाच वयात समुद्राकाठी एकटा राह्यलो, काई होत नाई. त्या एका गोष्टीवर पोरगी गाडीत चढली. आता तीच गोष्ट खोटी निघाली, तं मामाजीजवळ तिले द्याले दुसरं काय होतं? मले फार वाईट वाटलं. पण तिकिटं निघाली होती, आन् आत्याबाईनं नवीन लुगडं घडी मोडून पाह्यलं होतं.

गेलो. कोठीच्या फाटकाशी तिकीट काढून आत शिरलो तं खरंच सात कमानी. मामाजी प्रत्येक कमानीखालून मान वाकवून चालले, जसं काई कोणी आतून हाक मारन. रघूचा इषय आत्याबाईनं दोनदा काढला. मामाजी म्हणाले, सुट्टीवर असन. शेवटी पायऱ्या आल्या आन् समोर ते पाणी. मामाजीच्या तोंडून निघूनच गेलं, "एवढं?"

आचलनं झटकन वळून त्यायच्याकडे पाह्यलं. मंग हसत म्हणाली, "आबाजी, याच पायरीवर बसून पेत होते ना तुमी? चला, आज होऊन जाऊ द्या. सरदाराच्या बाजूचं गोडं ना!"

मामाजी सावकाश खाली उतरले. उकिडवे बसले, ओंजळ भरली आन् पेले. पूर्ण पेले, एक थेंब सांडला नाई. गळ्याची घाटी वर-खाली झाली, डोळे लाल झाले. "गोडं हाये," म्हणाले. आवाज बसला होता.

आचलचं हसू थांबलं. ती त्यायच्या तोंडाकडे पाहतच राह्यली. आता समजलं हिले, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात आत्याबाईनं लुगडं खोचलं. नवीन लुगडं, घोट्यापर्यंत भिजलं, तरी पर्वा नाई. मामाजीच्या बाजूले बसल्या, एक ओंजळ पेल्या. मंग दुसरी. पदरानं तोंड पुसलं आन् नातीकडे वळून ठसक्यात म्हणाल्या, "गोडं हाये वो. तुये आबाजी सांगत होते अगदी तसंच."

आचल एका पायरीवर उभी राहून दोघाईले पाहत होती. मंग तिनं बोट बुडवून जिभेले लावलं. "हो आजी," ती म्हणाली, "गोडंच हाये." आन् फोटो काढाच्या बहाण्यानं वर निघून गेली.

मी मागंच उभी होती म्हणून पुढचं ऐकलं. आत्याबाई पाण्याकडे पाहतच हळूच म्हणाल्या, "सिंदेवाहीचं मातर जरा जास्त गोडं असन, नाई?"

मामाजी तिच्याकडे वळले. मंग इचारलं, "कवापासून मालूम हाये तुले?"

"हळद लागाच्या आधीपासून."

मामाजीनं खांद्यावरचा दुपट्टा काढला आन् तिचे ओले हात पुसून देल्ले, आधी एक, मंग दुसरा.